पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी: परसबागेत फवारणी सगळ्यात शेवटी

“फवारलं, चार दिवस बरं वाटलं, महिन्याभरात आधीपेक्षा जास्त झाले.” पपई, जास्वंद, पेरू किंवा माड ज्यांच्या दारात आहे त्यांची फेब्रुवारी ते मे या काळातली ही ठरलेली तक्रार. औषध बदलून बघितलं जातं, प्रमाण वाढवलं जातं, शेवटी झाडच तोडलं जातं. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. भारतात तो २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा नोंदवला गेला. नारळावरची रुगोज चक्राकार पांढरी माशीही तिकडचीच, ती २०१६ साली कोइमतूरजवळच्या पोल्लाचीत सापडली आणि पुढे किनाऱ्याने वर सरकली. दोन्ही किडी आल्या तेव्हा त्यांना खाणारे शत्रू सोबत नव्हते. आता ते शत्रू आपल्या परसात आहेत, फक्त त्यातले बरेचसे डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके लहान आहेत. जी फवारणी आपण घाईने करतो ती आधी त्यांना मारते. मेणाच्या आवरणाखाली बसलेला ढेकूण मात्र वाचतो. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा.

१. ओळख: पांढरं दिसलं म्हणजे पिठ्या ढेकूणच असं नाही

झाडाजवळ जा, पान उलटं करा, हातात भिंग असेल तर उत्तम. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं.

पिठ्या ढेकूण पानाच्या खालच्या बाजूला शिरांलगत, कोवळ्या शेंड्यात, कळीच्या देठाशी, पपईच्या फळावर गर्दी करून बसतो. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं आवरण, जवळ कापसाचे पुंजके. त्या पुंजक्यांत शेकडो अंडी असतात. काडीने एक ढेकूण चिरडून पाहा. पिवळा रस निघाला तर तो बहुधा पपईवरचा. पाठीवर दोन ओळींत काळसर ठिपके असतील तर तो कपाशीवरचा परदेशी पाहुणा, जास्वंदीवर तो भरपूर येतो. गुलाबी-लालसर रस आणि जास्वंदीचा शेंडा मुरडलेला असेल तर तो गुलाबी पिठ्या ढेकूण, आपल्याकडचाच जुना. तिघांवरचा इलाज सारखाच, त्यामुळे जात ठरवण्यात दिवस घालवू नका.

पांढरी माशी वेगळी. पान हलवलं की पांढरे ठिपके आळसावल्यासारखे उडतात आणि पुन्हा बसतात. पानाखाली मेणाच्या रेघांची गोल-गोल नक्षी दिसते, ती अंड्यांची. माड, केळ, पेरू, चिकू ही तिची आवडती झाडं.

आणि ही दोन्ही नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे भुरी. पानाच्या वरच्या बाजूला पांढरी पावडर, बोटाने पुसली की खाली काहीच हलत नाही. ती बुरशी आहे, या लेखातलं काहीही तिच्यासाठी नाही.

पान काळं पडलंय, काजळी धरलीय, म्हणून बुरशीनाशक आणणारे खूप जण असतात. ती काजळी ढेकूण आणि माशी यांच्या गोड विष्ठेवर वाढते. वरच्या फांदीवर कीड आणि खालच्या पानांवर काजळी, अशी जोडी असते. काळी पानं दिसली की मान वर करून बघा.

> सावध: गर्दीत एखादा “मोठा, केसाळ, भराभर चालणारा ढेकूण” दिसला तर त्याला हात लावू नका. पिठ्या ढेकूण इतका चपळ नसतो. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी आहे. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव चांगलं माहीत आहे, ते हा भुंगेरा ढेकणांसाठी मुद्दाम सोडतात. ढेकणांच्या घोळक्यात अंगावर त्यांचंच पीठ माखून बसलेली जाडसर अळी असेल तर ती एका छोट्या फुलपाखराची, तीही ढेकूणच खाते. या दोघांपैकी कोणी सापडलं तर त्या फांदीवर पुढचं काहीच करू नका.

२. तयारी: सामान आणि दिवस

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: कात्री, हातमोजे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एक बादली साबणाचं पाणी, पाइप, फवारणीचा हातपंप किंवा पाच लिटरचा प्रेशर पंप, रुंद चिकटपट्टी, थोडं ग्रीस, साधा साबण, कडुनिंबाचं तेल.

पंपाबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. ज्या पंपात कधी तणनाशक भरलं होतं तो या कामाला वापरू नका. कितीही धुतला तरी नळीत, वॉशरमध्ये अंश राहतो आणि पपई तर अशा गोष्टीला लगेच बळी पडते.

दिवस निवडताना पुढचे दोन दिवस पाऊस नसावा, वारा पडलेला असावा. कामाला सुरुवात करण्याच्या आठवड्यात झाडाला युरिया घालू नका. हिरवागार कोवळा पाला म्हणजे या किडींना आमंत्रण. झाड फिकट दिसतंय म्हणून खत वाढवायचं आणि मग कीड का वाढली असं विचारायचं, हे आपल्याकडे फार चालतं.

३. पहिलं खरं काम: मुंग्यांची वाट तोडा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि पुढचं सगळं इथेच फसतं.

मुंग्या ढेकणांचा गोड रस पितात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. ढेकणाच्या अंगात अंडी घालायला येणारी बारीक गांधीलमाशी त्यांच्यामुळे टिकू शकत नाही. शिवाय ढेकणांची पिल्लं एका फांदीवरून दुसरीकडे पोचवायलाही मुंग्यांचा हातभार लागतो. मुंग्या हटल्या की निम्मी लढाई परस्पर होते.

कसं करायचं:

- बुंध्याला जमिनीपासून फूट-दीड फुटावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, चिकट बाजू आत. तिच्यावर ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा लावा. ग्रीस थेट सालीवर कधीही लावू नका, साल भाजते. खोड खडबडीत असेल तर पट्टीखाली कापसाची वळी दाबा, नाहीतर मुंग्या खालून बोगदा काढतात.
- झाडाची फांदी भिंतीला, कुंपणाला, कपडे वाळत घालायच्या तारेला, शेजारच्या झाडाला टेकत असेल तर ती छाटा. एक पूल राहिला तरी पट्टा फुकट.
- कुंडी असेल तर पाण्याच्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा. ताटलीतल्या पाण्यात साबणाचे काही थेंब टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. मुंग्या अडवायला गेलो आणि डेंग्यूचे डास पाळले असं व्हायला नको.
- वारूळ कुंडीच्या बुडाशीच असेल तर साखरेच्या पातळ पाकात एक टक्का बोरिक पावडर, म्हणजे १०० मिली पाकात १ ग्रॅम, मिसळून झाकणात ठेवा. प्रमाण वाढवू नका. जास्त कडक केलं तर मुंगी वाटेतच मरते, वारुळापर्यंत काही पोचत नाही. मूल किंवा कुत्रं-मांजर पोचेल अशा जागी हे ठेवायचं नाही.

आंब्यावरच्या लाल मुंग्यांची, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्यांची, घरटी मात्र सरसकट जाळत सुटू नका. त्या ढेकूण राखतात हे खरं, पण इतर कितीतरी अळ्या खातात. फक्त ज्या फांदीवर ढेकूण आहेत तेवढीच फांदी बघा.

तपासा: दोन दिवसांनी ग्रीसच्या वरच्या भागात मुंग्या चढताना दिसतात का? दिसत असतील तर पूल शोधा. पुढच्या टप्प्याला अजून जाऊ नका.

४. छाटणी, आणि छाटलेल्याचं काय

पूर्ण माखलेला शेंडा धुऊन वाचवण्यात अर्थ नाही. पण कात्री लावण्याआधी त्या शेंड्यावर पिशवी चढवा, पिशवीतच कापा, तोंड बांधा. उघडं कापून अंगणातून ओढत नेलं तर वाटेतल्या प्रत्येक झाडावर पिल्लं सांडतात. पहिल्या दिवसाची पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि वाऱ्यावरही जातात.

जास्वंद, चाफा, शेवगा हे छाटणी सोसतात. पपईचा शेंडा मात्र कापायचा नाही. तिची खालची माखलेली पानं देठासकट काढा. पपईच्या चिकाने हाताला खाज येते, मोजे घाला. पेरूच्या आतल्या दाट फांद्या विरळ केल्या तर हवा खेळते आणि पुढे फवारा आतपर्यंत पोचतो.

पिशव्या कडक उन्हात आठवडाभर ठेवा, मग कचऱ्यात द्या. घाई असेल तर सगळं साबणाच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. खतखड्ड्यात टाकू नका. शहरात जाळू नका, त्यावर बंदीही असते आणि शेजाऱ्यांशी भांडण वेगळं.

झाडाखालचं गाजर गवत त्याच दिवशी उपटा, फुलायच्या आत. हे ढेकूण त्याच्यावर आरामात राहतात आणि झाड स्वच्छ झालं की परत चढतात.

५. पाण्याचा मारा

स्वस्त, विनाविष, आणि तरीही अर्धवट केला जाणारा टप्पा. पाइपच्या तोंडावर अंगठा धरून जोरदार धार खालून वर मारायची, पानाच्या मागच्या बाजूला. दुसरा तळहात पानाच्या वरच्या बाजूला टेकवायचा, म्हणजे पान फाटत नाही. वरून शिंपडलेलं पाणी फक्त पानं चकचकीत करतं.

वेळ सकाळची. लागोपाठ तीन दिवस. खाली पडलेली मोठी मादी सहसा परत चढू शकत नाही. पिल्लं चढू शकतात, पण बुंध्याला ग्रीसचा पट्टा आहेच. क्रम का महत्त्वाचा ते इथे कळतं.

> सावध: पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. बुंधा सडला तर ढेकूण गेले आणि झाडही गेलं असं होतं. माती बुंध्याकडे उंच आणि बाहेर उतरती करून घ्या. फुलांवर आणि बोटाएवढ्या फळांवर धार सौम्य ठेवा.

किडीचा प्रादुर्भाव हलका असेल तर काम इथेच संपू शकतं. आठवडाभर बघा. शेंडा स्वच्छ राहिला तर पुढचा टप्पा गाळा.

६. साबण आणि कडुनिंब

ही फवारणी अंगावर पडेल त्यालाच मारते. पानात शिरून नंतर काम करणारी ती नाही. त्यामुळे औषधाच्या प्रमाणापेक्षा ते ढेकणापर्यंत पोचलं का, याला जास्त किंमत आहे.

पाणी आधी तपासा. काचेच्या बाटलीत पाणी घ्या, साबणाचे थेंब टाका, हलवा. भरपूर फेस आला तर ठीक. पाणी दह्यासारखं फाटलं, वर साय धरली, तर ते जड पाणी. बोअरच्या पाण्यात हे हमखास होतं आणि अशा पाण्यात साबणाची सगळी शक्ती फुकट जाते. नळाचं, पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा.

एक लिटरसाठी:

1. कपभर कोमट पाण्यात ५ ग्रॅम साधा साबण किसून पूर्ण विरघळवा. बागेसाठी तयार मिळणारा पोटॅश साबण असेल तर डब्यावरचं प्रमाण घ्या. कपडे धुण्याची पावडर नको, कोवळी पानं करपतात.
2. त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल घाला आणि दुधासारखं होईपर्यंत हलवा. थंडीत तेल गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून आधी पातळ करा.
3. आता उरलेलं पाणी घाला. तेल आधी पाण्यात आणि साबण नंतर, असं केलं की तेल वर तरंगतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या पानांवर नुसतं तेल.
4. गाळून पंपात भरा. त्याच दिवशी संपवा. उद्यासाठी ठेवलेलं मिश्रण कामाचं राहत नाही.

तेल नको असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, चिमूटभर साबण घाला. बाजारातलं १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातलाच कीडनाशक घटक, घेतलं तर लिटरला ५ मिली.

आधी तीन-चार पानांवर फवारून दोन दिवस थांबा. नेचे, मांसल पानांची झाडं, नुकती फुटलेली कढीपत्त्याची पालवी यांना साबण सोसत नाही. मग उन्हं उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावर, नोझल खालून वर धरून पान निथळेपर्यंत मारा. दुपारी बाराला केलेल्या फवारणीने जितकी पानं जळतात तितकी ढेकणांनीही खराब होत नाहीत.

कापसाच्या पुंजक्यातल्या अंड्यांपर्यंत हे मिश्रण नीट पोचत नाही. म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरी आणि तितक्याच अंतराने तिसरी फवारणी. पहिलीनंतर “सगळे मेले” असं वाटून थांबणाऱ्यांकडेच ते दुप्पट होतात.

पावसाळी दमट हवेत लेकॅनिसिलियम, म्हणजे दुकानदार ज्याला व्हर्टिसिलियम म्हणतात ती कीड मारणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारता येते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात ती फवारणं म्हणजे पैसे मातीत. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका, तेवढं तरी नक्की टाळा.

७. थांबा आणि मोजा

तिसऱ्या फवारणीनंतर हात आवरा. आठवड्यातून एकदा ठरावीक पाच पानं उलटून बघा, प्रत्येक वेळी तीच, म्हणून देठाला दोरा बांधा. काय शोधायचं?

फुगलेले, तपकिरी पडलेले, पीठ गळालेले ढेकूण. त्यांच्या अंगाला गोल भोक असेल तर आतून गांधीलमाशी बाहेर पडली आहे. पपईच्या ढेकणावरची ही माशी, अ‍ॅसेरोफॅगस पपाये, २०१० साली पोर्तो रिकोहून आणून शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत देशभर सोडली गेली. आता ती ठिकठिकाणी स्थिरावली आहे आणि फुकट काम करते.

अशी तपकिरी कवचं वाढत असतील तर जिवंत ढेकूण थोडे दिसले तरी फवारू नका. कवचं अजिबात नाहीत आणि ढेकूण वाढताहेत, असं असेल तर टप्पा ३ पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ग्रीसवर धूळ बसलेली असते.

८. माड: इथे नियम वेगळे

उंच माडावर पांढरी माशी दिसली म्हणून घाबरून झावळ्या कापू नका. माशीने मोठा माड मरत नाही, पण ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो माड खरोखर मारतो. खोडाला भोक पाडून किंवा मुळाशी पिशवी बांधून विष देणारे फिरते “माडवाले” येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. घरचे शहाळे आपणच पिणार आहोत.

हाताला येणाऱ्या लहान माडाला पाण्याची धार आणि गरज पडल्यास ०.५ टक्के कडुनिंब तेल, म्हणजे वरचंच प्रमाण. मोठ्या माडाखाली झावळीचा तुकडा पडला तर उचलून बघा. माशीची पिल्लं पांढुरकी असतात. त्यांतली बरीच काळी पडलेली दिसली तर एन्कार्शिया नावाची परजीवी माशी आत काम करते आहे. तो तुकडा टाकू नका. ज्या लहान माडावर कीड आहे पण काळी पिल्लं नाहीत, त्याच्या झावळीला तो दोऱ्याने बांधा.

पिवळे चिकट सापळे लावायचे तर सुरुवातीचे दोन आठवडेच. नंतर त्यांच्यावर मित्रकीटकही अडकतात, कधी पालीसुद्धा.

खालच्या केळीवर, मिरवेलीवर, क्रोटनवर साठलेली काजळी काढायला तांदळाची किंवा मैद्याची पातळ खळ उपयोगी पडते: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पीठ शिजवून, थंड करून, गाळून फवारा. उन्हात ती वाळते आणि काजळीसकट पापुद्रे होऊन गळते.

९. रासायनिक औषध: कधी?

घरच्या परसात, खायच्या झाडावर, माझं उत्तर “नको” असंच आहे. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉसला बंदी आहे, तरी ओळखीच्या दुकानातून अर्धी बाटली आणून कढीपत्त्यावर मारणारे आहेत. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, औषध जास्वंदीच्या मधात उतरतं आणि मधमाश्यांपर्यंत जातं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा घरात आणायचाच नाही. वरचे सगळे टप्पे नीट करूनही झाड हातचं जात असेल तर माखलेली फांदी बंद पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बाटलीचं नाव दुकानदाराला विचारू नका, त्याला विकायची असते.

१०. पुन्हा येऊ नये म्हणून

नर्सरीतलं नवं रोप किंवा पाहुण्यांनी दिलेली जास्वंदीची काडी थेट बागेत नको. तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. कुंडीतून मातीचा गोळा अलगद काढून मुळांवरही पांढरं काही आहे का ते बघा, मुळांवर राहणारे ढेकूण वरून दिसत नाहीत.

दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी एक फेरी, संक्रांतीपासून दर आठवड्याला. जोराचा पाऊस सुरू झाला की किडी आपोआप कमी होतात, तेव्हा जूनमध्ये “माझ्या औषधाने गेले” असं समजू नका, आणि त्याच भरवशावर पुढच्या वर्षी तीच बाटली आणू नका.

कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची जास्वंद माखलेली असेल तर तुमच्या एकट्याच्या कष्टाला फार अर्थ राहत नाही. ग्रीस आणि चिकटपट्टी घेऊन जा, दोन्हीकडचे पट्टे एकाच सकाळी लावा, आणि तीन फवारण्यांचे दिवस मिळून ठरवा.